बिननाकाचा खवय्या

बडोद्यात आजवर जेवढे खवय्ये झाले, आहेत आणि पुढे होतील, त्या सगळ्यांत आमचे आतोबा पहिले. आणि आतोबांना वास येत नसे. ही दोन्ही वाक्यं मी एका दमात सांगते, कारण दुसरं आधी सांगितलं तर लोक पहिलं ऐकायला थांबतच नाहीत. नाक होतं हो! चांगलं सरळ, तरतरीत, चष्मा टेकवायला उत्तम. पण कॉलेजात असताना त्यांना मोठा ताप आला आणि तो उतरताना नाकातलं सगळं घेऊन उतरला. त्यानंतर मोगरा आणि गटार त्यांच्या लेखी एकच. नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. नवीन लागलेली माणसं तिथं पहिला आठवडा नाकाला रुमाल लावून फिरत, आणि आतोबा त्यांच्या शेजारी बसून मजेत डबा खात. साहेबांना वाटे, काय निष्ठा आहे या माणसाची! जिभेला तिखट, खारट, आंबट, गोड एवढं कळे, पुढे सारा अंधार. दुसरा कोणी असता तर वरणभात गिळून गप्प बसला असता. यांनी मात्र चांगलं खाणं शोधून काढायचं आणि ते दुसऱ्याला खाऊ घालायचं, हेच जन्माचं काम मानलं.

आता नाकाशिवाय शोधायचं कसं? त्याची आतोबांची स्वतःची पद्धत होती. ते कधीही हॉटेलात पुढच्या दारानं जात नसत. लूना लावायची ती मागच्या गल्लीत, आणि आधी बघायची ती खरकट्याची बादली. सालं आजची आहेत की कालची, कोथिंबिरीचे देठ हिरवे आहेत की काळे, लिंबं पिळून टाकलीत की नुसती कापून, हे सगळं चष्मा वर करून, वाकून वाकून बघत. "पुढची पाटी रंगारी रंगवतो. मागची बादली कोण रंगवणार?" असं ते म्हणत. ते दिवस नवलाईचे होते. बडोद्यात रोज कुठंतरी काचेचं दार असलेलं हॉटेल उघडत होतं, मेनूकार्डाला प्लॅस्टिक चढत होतं, आणि एकाच स्वयंपाकघरातून पंजाबी, चायनीज आणि मेक्सिकन सगळंच बाहेर पडत होतं. सयाजीगंजातल्या अशाच एका नव्या हॉटेलात माझ्या वडिलांनी सगळ्यांना पार्टी द्यायचं ठरवलं. आतोबा मागे जाऊन आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "तीन देशांचा स्वयंपाक चाललाय आणि बादलीत नुसता कोबी." पार्टी तिथंच मोडली. आम्ही सगळे त्यांनी आदल्या आठवड्यात शोधलेल्या गाडीवर उभ्यानं सेव-उसळ खाऊन घरी आलो, आणि वडील महिनाभर त्या सेव-उसळीबद्दल बोलत होते.

ती गाडीसुद्धा त्यांनी अशीच हुडकली होती. खंडेराव मार्केटात सकाळी सकाळी जायचं, पण भाव विचारायचा नाही. विचारायचं ते "काल चांगला माल कोणी उचलला?" भाजीवाल्यांना आधी हा माणूस सरकारी खात्यातला वाटला, मग वेडा वाटला आणि शेवटी घरचा. त्या उत्तराचा माग काढत ते गल्लीबोळातून फिरत. मग गाडीवर पोहोचल्यावर स्वतः न खाता खाणाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत. एका बँकेच्या मॅनेजरनं तर त्यांना कंटाळून प्लेट हातात घेतली आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आतोबा मागोमाग गेले.

शेवटची परीक्षा माझी असे. मी त्यांचं नाक. मी कॉलेजात शिकवत होते, पेपर तपासायचे ढीग असत, पण फोन यायचा, "नाक, मोकळी आहेस का?" माझी आई चिडायची, "शिकलेल्या मुलीला नाक काय म्हणता!" मी मात्र पर्स उचलून निघायची. तिथं गेल्यावर "छान आहे" म्हणायची सोय नव्हती. "छान हा काय वास झाला? नीट सांग. हिंग आधी येतो की मागनं?" मी सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग चिमटीनं एक घास तोंडात टाकायचे. एकदाही, अगदी एकदाही त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. आज बडोद्यात ज्या गाड्यांवर गर्दी लोटते, त्यांतल्या निम्म्या एका वास न येणाऱ्या माणसानं शोधल्या आहेत. हे लोकांना ठाऊक नाही. मला आहे, आणि मी सांगत सुटते.

आत्या मात्र या उद्योगात कधी नसायची. तिचा हात अन्नपूर्णेचा, पण त्यांनी ताटावर बसून "आज कशाचा वास आहे गं?" विचारलं, की ती म्हणे, "जेवा मुकाट्यानं, गार होतंय." एका पावसाळ्यात आत्याला कावीळ झाली. कावीळ उतरली, पण भूक काही परत आली नाही. गणपती झाले, दिवाळी गेली. ताट समोर आलं की ती पदर नाकाला लावायची, "वास नको, न्या ते." ताक आणि चार घास खिमट, एवढ्यावर बाई जगत होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "माझी औषधं संपली. आता अन्न पोटात गेलं नाही तर मी काही करू शकत नाही." आतोबांनी बडोद्यातल्या आपल्या सगळ्या गाड्या, सगळ्या खानावळी तिच्या पलंगाशी आणून ठेवल्या. शेजाऱ्यांची चंगळ झाली. आत्यानं काही तोंडात घेतलं नाही. त्या दिवसांत मी आतोबांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

आणि जानेवारीत ते म्हणाले, "हिला दीवला नेतो. बेट आहे, चारी बाजूंनी समुद्र. तिथं मासळी होडीतून उतरते ती सरळ चुलीवर जाते." लहानपणी आत्या मासळीसाठी जीव टाकायची, बडोद्यात मात्र शेजार जपून, खिडक्या लावून, महिन्यातून एकदा. पण दीव म्हटल्यावर सगळं बडोदं हसलं. गुजरातेत दारूबंदी, दीवला नाही. तेव्हा इथून दीवला माणूस जातो तो कशाला, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. कारखान्यातल्या लोकांनी डोळे मिचकावले. आतोबा प्रत्येकाला छाती काढून सांगत होते, "ताजं खायला चाललोय!" कोणाचाही विश्वास बसला नाही. नाक म्हणून मी बरोबर होतेच.

दीवला पोहोचल्यावर आत्याला खोलीवर निजवून आम्ही दोघं हॉटेलांची मागची दारं बघत हिंडलो. बेट सुंदर, तिथले ते खास फांद्या फुटणारे ताड, निळं पाणी, सगळं झकास. पण बादल्या बघून आतोबांचा चेहरा उतरत गेला. "पुढं एवढा समुद्र, आणि मागं डब्यातले वाटाणे!" सगळा जीव दारूच्या ग्लासावर, ताटाकडे बघतो कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला होड्या लागतात तिथं घेऊन गेले. बायका ओळीनं बसून मासळी विकत होत्या. आतोबा तासभर नुसते उभे. मग माझा दंड धरून म्हणाले, "ती बघ. सगळा माल विकला, पण दोन पापलेटं पदराखाली ठेवलीत. मघापासून तिघांनी मागितली, देत नाही. हिच्या घरी जेवायचं." आणि खरंच जाऊन त्यांनी आपल्या गुजरातीत तिला विचारलं. ती बाई आधी खो खो हसली. मग आतोबांनी आत्याची सगळी हकिगत सांगितली, तेव्हा हसायची थांबली आणि म्हणाली, "लई आवो." म्हणजे, घेऊन या तिला.

दुपारी आम्ही तिच्या घरी जेवायला बसलो. बाजरीचा रोटला, भात, आणि हिरव्या लसणीच्या पातीत शिजवलेलं पापलेट. आत्यापुढे ताट आलं. तिनं सवयीनं पदर उचलला, नाकापर्यंत नेला आणि मध्येच थांबली. मग त्या बाईकडे बघून म्हणाली, "बेन, शुं वास आवे छे!"

घात झाला! इतकी वर्षं बडोद्यात काढली तरी आनंद झाला की आमच्या माणसांची मराठीच गुजरातीचं लुगडं नेसून बाहेर पडते. आपल्या मराठीत वास चांगलाही असतो. गुजरातीत वास म्हणजे दुर्गंधी, नासल्याचा. चांगल्याला सोडम म्हणतात. बाईचा चेहरा लालबुंद झाला. "वास? मारा घरमां वास? सवारनी माछली छे!" आज सकाळची मासळी आहे, असं बजावत तिनं आत्यापुढचं ताट उचललं आणि तरातरा चुलीकडे निघाली. इकडे आतोबांना तर नेहमीचंच "वास नको" ऐकू आलं. मान खाली घालून ते उठायला लागले. "चल," मला म्हणाले, "नाहीच जमलं माझ्यानं." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

आणि आत्या कडाडली, "अहो, ती ताट कुठं घेऊन चालली? माझं ताट आहे ते! द्या म्हणावं माझं ताट!"

किती महिन्यांनी या बाईनं ताट मागितलं होतं! मी धावले, "सोडम, बेन, सोडम! मराठीमां वास एटले सोडम!" बाई थांबली, पण मासळीवाली ती, नुसत्या शब्दावर थोडीच ऐकते. कमरेवर हात ठेवून आतोबांना म्हणाली, "तो कहो, शेनी सोडम आवे छे?" कशाकशाचा वास ते आतोबा काय सांगणार, कपाळ? ते माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याच बोलायला लागली. बाईशी नव्हे, त्यांच्याशी, मराठीत. "आधी लसणीची पात येते. कच्ची, हिरवीगार, नाकात टोचते. मग मिरची तेलात पडल्याचा खमंग. त्याच्याखाली चुलीचा धूर, रोटल्याच्या कडेचा. आणि सगळ्यात तळाशी समुद्र आहे, खारट, ओल्या दोरखंडासारखा, पण स्वच्छ." बाईला शब्द किती कळले देव जाणे, पण तिनं ताट आणून ठेवलं. आत्यानं घास घेतला. आतोबा तिच्याकडे बघतच होते. म्हणाले, "अजून सांग."

"काय अजून सांग! जेवू द्याल की नाही मला?"

ती जेवली. दोनदा भात मागून घेतला, काटा न काटा चोखला. मी ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली? आतोबांच्या ताटातलं गार झालं. मला कोपर मारून ते एवढंच म्हणाले, "बघितलंस? दोन पापलेटं, पदराखाली!" आपली जीत अशी मिरवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्या दिवशी त्यांनी ती खुशाल मिरवावी असंच मला वाटलं.

परतताना हद्दीवरच्या चौकीत पोलीस बसमध्ये चढला. बाटल्यांसाठी सगळ्यांच्या पिशव्या उघडत आमच्यापाशी आला. "शुं लाव्या, काका?" आतोबा ताठ उभे राहिले. म्हणाले, "साहेब, हिनं दोनदा भात घेतला!" मराठीतच म्हणाले. पोलिसानं त्यांचं तोंड हुंगून बघितलं, काही सापडलं नाही, आणि तो मान हलवत पुढे गेला. आत्या त्यांचा सदरा ओढत होती, "बसा खाली, लोक बघतायत." ते काही लवकर बसले नाहीत.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्या आहे, खूप थकली आहे, पण दोन्ही वेळा नीट जेवते. ते गेले त्या आठवड्यातसुद्धा जेवली. बघणाऱ्यांना जरा नवल वाटलं, एकीनं तसं बोलूनही दाखवलं. आत्या ताटावरून मान वर न करता म्हणाली, "नाही जेवले तर मला पुन्हा दीवला न्यावं लागेल. आणि आता मला नेणार कोण?"