बिळाकडची वाट

शहरात शिरलेले कोल्हे शोधायचे आणि त्यांच्यावर नजर ठेवायची, हीच त्याची नोकरी. त्यांचा उग्र वास त्याला गल्लीच्या तोंडाशीच यायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला नाक्या म्हणत. कुंपणाच्या फटीखाली तो राख पसरायचा आणि सकाळी तिच्यात उमटलेली पावलं वाचायचा. बंद कारखान्यामागे कोल्हीण व्यायल्याचं त्याला असंच कळलं.

कारखान्याशेजारच्या कोंबडीवाल्यानं बीळ कुठे आहे ते खोदून खोदून विचारलं, पण यानं ताकास तूर लागू दिली नाही. मात्र त्याला राहवेना, म्हणून रोज सकाळी तिकडे फेरी.

"सासुरवाडीला कधी एवढ्या वेळा गेला नाहीत!" बायको म्हणायची.

एके दिवशी कोल्हीण आणि पिल्लं बिळाच्या तोंडाशी ताठ पडलेली दिसली. शेजारी विष लावलेलं मांस होतं, आणि राखेत कोंबडीवाल्याच्या तुटक्या चपलेचा ठसा.

"कुठल्या हरामखोरानं दाखवली याला जागा?" तो ओरडला आणि मागे वळला.

गुडघाभर गवतातून रस्त्यापासून बिळापर्यंत सरळ पायवाट पडली होती. ती रोज तुडवणारा त्याच्याशिवाय दुसरा कोणीच नव्हता.