गव्हाणीत हात घातला तेव्हा

जानेफळच्या शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. राहायला मी मेहकरात. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, दहा-बारा घरांची, आणि नाताळचा देखावा करायचा मान माझा. थर्मोकोलचा गोठा, सोनेरी कागदाची गव्हाण, वर लुकलुकत्या माळा. लोक कौतुक करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी वाटलं, गव्हाणीत खरं गवत घालावं. चोवीस तारखेला सकाळी मी आमच्या दूधवाल्या बाईंच्या गोठ्यात गेले. त्या बौद्ध. दोन म्हशी आणि एक गाय, त्यावर घर चालायचं.

"गवत नाही बाई, सोयाबीनचं कुटार हाय. गव्हाणीतलंच घ्या, कोरडं हाय वरचं," म्हशीखाली बसल्या बसल्या त्या म्हणाल्या.

नाकाला पदर लावून मी वाकले आणि त्या कोरड्या भुशात हात घातला. लाकडाची कड गाईच्या जिभेनं झिजून गुळगुळीत झालेली. तळाला लाळेची ओल, सरकीच्या ढेपेचा आंबूस वास. गाईनं माझ्या मनगटावर ऊन श्वास सोडला. 'गव्हाण' हा शब्द मी लहानपणापासून उच्चारत आले होते, पण हात आज पहिल्यांदा लागला.

"काऊन पाहिजे हो हे?"

"आमच्या येशूबाळासाठी. जन्मला तेव्हा कुठे जागा मिळाली नाही, म्हणून त्याला गव्हाणीत ठेवलं होतं."

धार थांबली. "खऱ्याच गव्हाणीत?"

"हो."

"माही पोरगी बी याच्यातच निजे. मी दूध काढाले बसली का तिले इथं ठेवो. खाली इचूचं भेव." मग त्या सहज म्हणाल्या, "मंग तुमच्या देवाले आमच्या गोठ्याचा वास मालूम असन."

ज्यानं आकाश केलं, त्यानं पहिला श्वास घेतला तो याच वासात. आणि मी? पदर नाकाला धरून उभी. तो पदर हातातून केव्हा सुटला, कळलंच नाही. गुडघे आपोआप टेकले, खाली शेण होतं तरी.

"बाई, लुगडं भरलं ना तुमचं!" त्या धावत आल्या. मी रडत होते, हसतही होते.

नाताळच्या सकाळी वेदीपुढे जमिनीवर फक्त कुटार पसरलं आणि त्यावर बाळाची छोटी मूर्ती ठेवली. "यंदा काहीच केलं नाही का?" कुणीतरी पुटपुटलं. तेवढ्यात मंडळीतले सगळ्यांत म्हातारे आजोबा काठी टेकत पुढे आले. ते बराच वेळ बघत राहिले. मग खुर्चीकडे परत न जाता, कण्हत कण्हत, जमिनीवर बसले.

त्यांच्यामागून एकेक जण खाली उतरला. शेवटी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेबही. त्या दिवशीची उपासना आम्ही सगळ्यांनी जमिनीवर बसूनच केली.