बादशहाच्या बाजूला कुणी बसायचं?

दिवाळी जवळ आली की भोरच्या बाजारात मातीचे मावळे विकायला बसणारे पुष्कळ. पण मिशा असलेले मावळे फक्त कुंडलिक खुटवडाकडे मिळायचे. बाकीच्यांचे मावळे साच्यातून पडायचे आणि सगळ्यांची तोंडं सारखी. कुंडलिक मात्र एकेकाला हातात धरून सुईनं मिशी कोरायचा. जन्मभर एसटीच्या गाड्यांखाली उताणं पडून नट आवळणाऱ्या माणसाला ही हौस कुठून लागली, देव जाणे. बायको फुलाबाई होती तोवर ती ओरडायची, की घरात गव्हापेक्षा शाडू जास्त झालाय. ती गेली आणि ओरडणारंही कुणी उरलं नाही.

उरला तो रायबा. रायबा भुरूक म्हणजे शाळेपासूनचा सोबती. फौजेत हवालदार होऊन परत आला आणि वेल्ह्यात घर बांधून राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला, तेव्हापासून खाट, नाकात नळी आणि उशाशी घुरघुरणारं यंत्र. कुंडलिक दर आठवड्याला नसरापूरला गाडी बदलून त्याच्याकडे जायचा. जाऊन करायचा काय, तर बसायचा. पन्नास वर्षांत बोलण्यासारखं सगळं बोलून झालेलं. रायबाची बायको रतनबाई चहा ठेवायची आणि दोघं खिडकीतून तोरण्याकडे बघत प्यायचे.

एक दिवस रायबानं मोबाईल पुढं केला. त्यात दोन गोरे म्हातारे समोरासमोर बसून लढाई खेळत होते. टेबलावर हिरवं कापड आणि त्यावर हरभऱ्यापेक्षा बारीक फौज. एकानं आपली फौज पुढं सरकवायची, टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, मेलेले उचलून बाजूला ठेवायचे. मग दुसऱ्याची पाळी.

"कुंड्या, ह्ये तुला जमंल," रायबा म्हणाला. एका वाक्याला त्याला दोनदा थांबावं लागायचं. "माज्या खाटंवरच्या फळीवर मावंल असं बारीक कर. डागदर म्हनतोय, दिवाळी दिसली तर दिसली. त्याच्या आत एक डाव हुऊ दे."

"आन लढाई कुठली?"

"त्योच तर पहिला पेच हाय म्हनं. काळ ठरवायचा. मग फौजा करायच्या."

भोर-वेल्ह्याच्या माणसाला काळ ठरवायला कसला वेळ लागतो? कुंडलिकनं घरी पोचायच्या आत ठरवला. महाराजांचा. दुसरा काळ असतो हेच त्याच्या ध्यानात आलं नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. भिंगाची काच डोळ्याला लावून तो शाडूचे कण वळत होता, आईस्क्रीमच्या काडीच्या तुकड्यावर चार-चार चिकटवत होता. भाद्रपदात मिठाईच्या डब्यात कापूस घालून त्यानं फौज वेल्ह्याला नेली. रायबानं एक काडी उचलली, डोळ्याजवळ धरली आणि हसला.

"लेका, मिशा हायत की ह्यांना!"

"मग!"

रायबानं सगळा डबा बघितला. खालचा थर उचलून बघितला. मग विचारलं, "आन समोर कोन?"

कुंडलिकनं डब्यात वाकून पाहिलं. समोर कुणीच नव्हतं. डब्यात सगळे मावळेच. आता ह्याला चूक म्हणायचं तर आपल्याकडच्या घराघरांतली पोरं ती दर दिवाळीला करतात. अंगणात किल्ला होतो, त्यावर हळीव उगवतं, बुरुजावर पहारे बसतात, पायथ्याला गवळण आणि वाघसुद्धा येतो. पण शत्रू कधी कुणी विकत आणत नाही. बाजारात मिळतच नाही तर आणणार कुठून? सगळे आपलेच, रात्रंदिवस पहारा देतायत, आणि चालून येणारं कुणी नाही. कुंडलिकनं चाळीस वर्षं मावळे केले, पण मावळे कुणाशी लढतात हा प्रश्न त्याच्या हातांना कधी पडला नव्हता.

"करतो की," तो ओशाळून म्हणाला. "पन त्या बाजूनं खेळायचं कुनी?"

इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. कुंडलिक काही तिकडच्या बाजूला बसणार नव्हता. आजाऱ्याला तिकडे बसवणं त्याच्या जिवावर येत होतं. म्हणून तो काळच बदलायला निघाला. पानिपत? नको, नावानंच तोंड कडू होतं. सत्तावन्न सालचं बंड? मग इंग्रज कुणी व्हायचं? रायबाच्या फौजेतली एखादी लढाई? त्यावर रायबानं मोबाईल उशाखाली सारला, आणि कुंडलिकनं तो विषय परत काढला नाही. दर आठवड्याला तो एक नवा काळ घेऊन यायचा आणि चहा संपेपर्यंत तो नासायचा. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं.

शेवटी रायबानंच खिडकीकडे बोट केलं.

"त्यो घे. तोरना. महाराज गेल्यावर बादशानं घेतला, तवाची लढाई. बाकीचे किल्ले त्यानं पैसं चारून घेतलं, ह्यो लढून घ्यावा लागला म्हनत्यात. म्या किल्ल्यावर बसतो. तू बादशा हो."

"आरं, त्यात आपुन हरतो!"

"व्हय."

"हरल्याली लढाई कुनी खेळतं का?"

"जिकायचं आधीच ठरलं असंल तर फासं कशाला टाकायचं?" रायबाला खोकल्याची उबळ आली. रतनबाईनं येऊन पाठ चोळली. दम परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "माजी लढाई कुठं जाती ते मला दिसतंय, कुंड्या. समोर कुनीतरी बस म्हंजे झालं. आन त्यांनाबी मिशा काढ. समोरच्यालाबी मिशा असत्यात. म्या बघितलंय, बर्फात."

रायबाचा पुतण्या धनाजी दारातून हे ऐकत होता. कामापुरता येणारा, पण बोलायला पुढं. "काका, तोरण्याच्या पायथ्याला बसून बादशहा होणार? मग भोरात मावळे कोणत्या तोंडानं विकणार?" तो हसत म्हणाला, पण ते कुंडलिकच्या मनात कुसळासारखं रुतलं. परतीच्या गाडीत त्यानं मनाशी घोकलं, की जग मला काय म्हणेल. खरं तर जगाला खुटवडाच्या शाडूशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला स्वतःलाच भीती वाटत होती. फासे त्याच्या हातातले, दान त्याचं पडणार, आणि रायबाचा किल्ला त्यानं स्वतःच्या हातानं घ्यायचा. मरायला टेकलेल्या मित्राला हरवायचं धाडस त्याला होईना.

पुढच्या खेपेला तो गेला तेव्हा म्हणाला, शाडू वाळला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला रंग मिळाला नाही. मग तर एक आठवडा गेलाच नाही. गुडघा धरलाय असं फोनवर सांगितलं. रायबा म्हणाला, "बरं." त्यानं एकदाही घाई केली नाही, आणि कुंडलिकला तेच सोसवत नव्हतं.

एका दुपारी मात्र त्यानं स्वतःला शिवी घातली आणि बसला. हात आधी नुसते मुके गोळे वळत होते, तोंड नसलेले. मग रायबाचं बोलणं आठवलं. त्यानं सुई उचलली आणि बादशहाच्या शिपायांना मिशा कोरल्या. कोरता कोरता त्याला वाटलं, ह्यांच्याही गावी कुणी शाडूची माणसं करत असेल. फौज होत आली. एक हत्ती रंगवायचा राहिला होता, तेवढ्यात रतनबाईचा फोन आला. ती नुसतं "भावजी" म्हणाली आणि पुढचं सांगायला फोन धनाजीनं घेतला.

वेल्ह्याची गाडी लगेच मिळाली असती तरी काय उपयोग होता! वरातीमागून घोडं ते. कुंडलिकनं खांदा दिला आणि राख सावडताना हजर राहिला.

दिवाळी आली. भोरात कंदील लागले. कुंडलिक त्या वर्षी बाजारात बसला नाही. पाडव्याच्या दुपारी तो दोन डबे घेऊन वेल्ह्याला उतरला. रायबाच्या घरावर पणती नव्हती, दारात रांगोळी नव्हती. खाट मात्र अजून खिडकीशीच होती, वरची गादी गुंडाळलेली. यंत्र परत गेलं होतं, त्यामुळे खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"वहिनी, ह्ये हितं ठिवू का?" त्यानं विचारलं. "नाय म्हनालात तर माघारी नेतो."

रतनबाईनं डबा उघडून पाहिला. "बादशाची फौज झाली व्हय?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. कुंडलिकनं मान खाली घातली. तिनं कोपऱ्यातली फळी आणून खाटेवर टाकली. फळीवर ओबडधोबड तोरणा होता, झुंजार माचीसकट. रायबानं पडल्या पडल्या एका हातानं केलेला, बोटांचे ठसे तसेच वाळलेले. कुंडलिकनं मावळे वर मांडले, बादशहाची फौज खाली मांडली, रंग न दिलेला हत्तीही मांडला. मग खिशातून फासे काढले आणि थांबला. किल्ल्याच्या बाजूला कुणीच नव्हतं.

रतनबाईनं पदर खोचला आणि खाटेच्या त्या बाजूला जाऊन बसली. "मला कळत न्हाई त्यातलं. कसं टाकायचं ते सांगा."

उन्हं उतरेपर्यंत दोघं खेळले. ती फासे ओंजळीत धरून टाकायची, आणि तो मेलेले मावळे उचलून कापसात ठेवायचा. एकदा तर तिचं दान इतकं वाईट पडलं, की फाशाला हळूच बोट लावून उलटा करावा असं त्याला फार वाटलं. त्यानं हात मागं घेतला. दिवेलागणीला त्याचे शिपाई माचीवर चढले.

"हारलो का आमी?" तिनं विचारलं.

"व्हय, वहिनी."

रतनबाईनं किल्ल्यावरच्या बोटांच्या ठशांवरून हात फिरवला. "ते रोज इचारायचे, कुंड्याचा फोन आला का. म्या चिडायची, म्हनायची, हारायची येवडी कसली घाई झालीया? तर म्हनायचे, हारायचं तर हायेच गं. पन तवा समोर कुंड्या असंल."

कुंडलिकनं फासे खाली ठेवले. शेवटची गाडी लागायची वेळ झाली होती, पण तो उठला नाही. बादशहाच्या बाजूला बसून तो मोठ्यानं रडला.