आप्पांच्या गोठ्यातला कन्नड कागद

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या सीमाभागातल्या बेळगुंदीत गल्लीतले आप्पा पत्रकं लिहायचे आणि शाळा सुटली की मी ती वाटायचे. मागणी एकच: सरकारी कागद मराठीत द्या. आणि गावाला सांगणं: मराठीत नसेल तर घेऊ नका.

गेल्या पावसाळ्यात आईच्या शेळ्या खोकू लागल्या. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस घरोघरी एकेक कागद देत आला. सगळा कन्नडमध्ये.

"काय लिवलंय बघ की गं," आई म्हणाली.

"मराठीत दिला तर बघीन."

मी कागद परत केला. आप्पांनी भर चौकात माझी पाठ थोपटली. "अशी पोर पायजे!"

आईनं सर्दी समजून ओव्याची धुरी दिली. भल्या सकाळी, दव असतानाच, शेळ्या तळ्याकाठच्या कोवळ्या गवतावर सोडत राहिली. करडंही सोबत. दोन करडं मेली. मग तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली काळी शेळी मान ताणून श्वास ओढू लागली.

"आप्पांच्या शेळ्या खोकत न्हाईत बघ. काय पाजत्यात, इचारून ये."

मी गेले. गोठ्याच्या दाराशी खिळ्याला तोच कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगलेला. समासात मराठी अक्षर, पत्रकांवरचंच: दव वाळल्याशिवाय सोडू नये. तळ्याकाठ टाळावा. करडं वेगळी चारावीत. फुफ्फुसात जंत होतात. लेंड्या तपासून औषध पाजावं.

मराठीत हवा होता ना कागद? तो इथं होता. एकट्या आप्पांसाठी.

"आप्पा, तुम्ही घेतलासा ह्यो?"

"चळवळ येगळी गं, जनावर येगळं."

"मग मला का सांगितलं न्हाईसा?"

"तू इचारलंस कवा?"

डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध पाजलं. उशीर झालाय, म्हणाले, बघू.

काळीच्या पाठीवर हात ठेवून बसलेल्या आईला मी सगळं सांगितलं. आप्पांनी कसा दगा दिला, ते मी पत्रकातल्यासारखं तावातावानं बोलत होते.

"त्यांचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुला कन्नड वाचाय येतंय न्हवं?"

काळी पुन्हा खोकली. मी होय म्हणाले.