खदानीत दोनच शब्द

शिरपूरच्या शाळेत माझे भाषण संपले. विषय नेहमीचाच: मुलींनो, भिऊ नका. वीस वर्षे मी तो व्यासपीठावरून गाजवते आहे. टाळ्या थांबल्यावर नववीतली आरती उभी राहिली.

"बाई, तुमाले कई भेव लागला काय?"

"कधीच नाही," मी म्हणाले. पुन्हा टाळ्या.

परतीच्या बसमध्ये ते उत्तर टोचत राहिले. भीती वाटेल अशा जागी मी गेलेच कधी होते? पुढच्या सोमवारी त्याच वर्गापुढे पुन्हा बोलायचे होते. त्याआधीच्या शनिवारी मी दगड चढायला शिकायला निघाले.

वाशीमहून एसटीने रिसोड, तिथून काळीपिवळीने केनवड. गावाबाहेर एक बंद पडलेली खदान आहे. शेषराव तिथे शिकवतात. पूर्वी ते विहिरी खोदायचे, नंतर गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण घेऊन आले. खालून दोर धरतात त्यांच्या पत्नी कांताबाई. दोन दिवसांचे, जेवण धरून, पंधराशे रुपये. बूट घट्ट हवेत, नखे कापलेली हवीत. सकाळी सातलाच पोचा. अकरानंतर उन्हाने तापलेला काळा दगड हात लावू देत नाही.

पहिला दिवस गाठी मारण्यात आणि जमिनीपासून हातभर उंचीवर आडवे सरकण्यात गेला. "हातानं लटकू नका, पायावर उभ्या राहा," एवढेच शेषराव दिवसभर सांगत होते. दुपारी भाकर, ठेचा आणि तुरीच्या सोल्यांची भाजी. भाजीसाठी तरी जाच.

"उद्या वर गेल्यावर दोनच शब्द," जेवताना ते म्हणाले. "दोर आवळून पायजे तं 'ताण'. सैल पायजे तं 'ढील'. बाकी भाषन खाली."

रविवारी तीस फुटांच्या भिंतीवर मी निम्म्यात पोचले आणि खाली पाहिले. उजवा पाय शिलाई मशीनसारखा थरथरू लागला.

"कांताबाई," मी ओरडले, "मला फार ताण आलाय!"

दोर खसकन आवळला. पाय सुटले आणि मी बादलीसारखी हवेत फिरू लागले.

"अवं, काहून वढून राह्यली त्याईले?" शेषराव.

"त्याईनंच तं ताण मांगतला!"

"मनातला ताण म्हणत होते मी!"

"मंग भेव लागला म्हना ना, बाई," कांताबाई म्हणाल्या. "दोराले नाही समजत, पन आमाले समजते."

एवढा छोटा शब्द. तोंडातून निघायला वेळ लागला. "भेव लागला," मी म्हणाले.

"हां. आता डाव्या गुडघ्यापाशी खाच हाय, तिच्यात पाय टाका."

पाय टाकला. आणखी चार पावले चढले. माथा सहा हातांवर राहिला, तिथून "ढील" म्हणाले आणि उतरले.

घरी आल्यावर सोलवटलेल्या बोटांनी भाषणाचा कागद काढला आणि 'मुलींनो, भिऊ नका' हे पहिले वाक्य खोडले. सोमवारी आरती तिसऱ्या रांगेत होती.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं," मी म्हणाले. "मला भेव लागतो. कालच लागला, खदानीत दोराला लटकले होते तेव्हा."

टाळ्या झाल्या नाहीत. आरतीने मात्र लगेच विचारले, "मंग दोर कोनी धरला होता?"

भाषण तिथून सुरू झाले.