रायफल जमा केली तेव्हा

रायफल मी माझ्यासाठीच घेतली होती, हे आधी सांगून टाकतो. मुलीसाठी घेतली, असं लोकांना नंतर सांगू लागलो.

घर दिघाशीत, नोकरी भिवंडीच्या गोदामात, आणि रविवार ठाण्याकडच्या शूटिंग क्लबात. परवाना हाती यायलाच दोन वर्षं गेली. रायफल पॉइंट टू-टू बोअरची, सरळ ओढायच्या बोल्टची, म्हणजे गोळी आत सारणाऱ्या दांड्याची. साध्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. हिच्यात बोटाने सरळ मागे, अंगठ्याने सरळ पुढे. गाल दस्त्यावरून हलतसुद्धा नाही. घरी रिकाम्या रायफलीवर मी तेवढंच करत बसायचो. शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय रं, डुकर मारायला हाय का नुसती वाजवायला?"

मुलगी कॉलेजात होती. परवाना माझ्या नावाचा, म्हणून माझ्यासमोर, क्लबातच तिला ती रायफल चालवता यायची. वर्षभरात ती माझ्या पुढे गेली. माझ्या गोळ्या कागदावर चहाच्या बशीएवढ्या पसरायच्या, तिच्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या. एका रविवारी कोच सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, रायफल आता पोरीकडे द्या, तुम्ही चहा सांगा." सगळे हसले. मीही हसलो. तीही हसली, आणि तेच माझ्या मनात रुतलं.

मग निवडणूक लागली. तेव्हा परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. खेळाडूला सूट मिळते, पण क्लबचं पत्र लावून अर्ज द्यावा लागतो. तिची राज्याची निवड चाचणी त्याच महिन्यात होती. क्लबने पत्र माझ्या हातात दिलं. मी ते पोलीस ठाण्यात दिलं नाही. विसरलो नव्हतो. ठरवून दिलं नाही.

रायफल जमा करायला तीही आली.

"ताई, पत्र आलेलंच न्हाय, आता मुदतबी संपली," हवालदार म्हणाला. "आलं असतं तर ही ठेवून घ्यायची आम्हाला काय हौस हाय?"

ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही दिलं होतं ना?"

"दिलं होतं. यांनीच कुठेतरी घातलं असेल."

पत्र बाहेर माझ्या स्कूटरच्या डिकीत होतं. ती हवालदाराशी भांडत राहिली, तो बिचारा रजिस्टर चाळत राहिला. मी मध्ये पडलो नाही.

चाचणीला तिने क्लबची रायफल घेतली, उचलायच्या बोल्टची. सवयीने हात सरळ मागे जायचा, बोल्ट अडायचा, गाल उठायचा. निवड थोडक्यात हुकली. येताना अंबाडी नाक्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ती एका गोदामाच्या ऑफिसात ड्युटीला लागली आणि क्लब सुटला.

गेल्या महिन्यात, सकाळी ती डबा भरत असताना, मी सगळं सांगितलं.

"का केलंत?" तिने विचारलं.

"तू माझ्यापेक्षा चांगली मारत होतीस."

"ते मला दिसत होतं. तुम्ही कधी म्हणाला नाहीत." तिने डब्याचं झाकण दाबून लावलं.

"तुझ्या नावाने परवान्याचा अर्ज करू. अजून वय गेलेलं नाही."

"अर्ज नेऊन कोण देणार? तुम्ही?"

मी नाक्यापर्यंत सोडतो म्हणालो. रिक्षा मिळेल म्हणाली, आणि निघाली.