तिसरी आया

मालनबाईंच्या तोंडी लागायचं नाही, हे नाशिकरोडच्या त्या प्रसूतिगृहात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे आया दोनच. दिवसपाळीला एकलहऱ्याहून येणाऱ्या मालनबाई आणि रात्रपाळीला कुसाबाई. एक आजारी पडली की दुसरीने दोन्ही पाळ्या ओढायच्या. "मावशी, तुम्ही आहात म्हणून दवाखाना चालतो," असं डॉक्टर म्हणायचे, आणि मालनबाईंचं डोकं तडकायचं. जास्तीचं माणूस ठेवण्यापेक्षा गोड बोलणं सोपं होतं ना!

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात कुसाबाईंना ताप भरला. मालनबाईंनी लागोपाठ दोन रात्री काढल्या. तिसऱ्या संध्याकाळी मात्र, "आता पाय उभे राहत नाय," म्हणून त्या सरळ घरी निघून गेल्या.

सकाळी परत येऊन पाहतात तर व्हरांड्यात गरम पाण्याची बादली लवंडलेली आणि शेजारी कुसाबाई पडलेल्या. पाऊल भाजून लाल झालेलं, अंगात ताप तसाच. बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी नेताना त्यांना भोवळ आली होती.

डॉक्टर धावत आले. पावलाला मलम लावता लावता कुसाबाईंवरच डाफरले, "एवढा ताप होता तर आलात कशाला, मावशी?"

हे ऐकून मालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती आली? कंपाउंडरला तिच्या घरी कोणी धाडलं होतं?"

कंपाउंडर भिमाजी खाली मान घालून उभा राहिला.

"अहो, आजार काय सांगून येतो का?" डॉक्टर म्हणाले.

"नाय येत. म्हणूनच आधी सोय करायची असती! लाइट जाईल म्हणून जनरेटर घेतला. माणसाला ताप येतो हे ठाऊक नव्हतं तुम्हाला? तुम्ही तर डॉक्टर हाय!"

पेशंटचे नातेवाईक ऐकत होते. दुपारपर्यंत मालनबाईंना उद्यापासून येऊ नका, असा निरोप मिळाला.

दोघींच्या जागी आलेल्या बायका टिकेनात. एक आजारी पडली की दुसरी दोन दिवसांत पळून जायची. शेवटी दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या डॉक्टरांच्या पत्नी, मोहिनीताई, रिक्षा करून एकलहऱ्याला आल्या.

मालनबाईंनी त्यांना चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "तिसरी बाई ठेवा. आठवड्यातनं थोडे दिवस दोन्ही पाळ्यांत फिरू द्या, म्हणजे तिला काम कळंल. कोणी आजारी पडलं की तिनं उभं राहायचं. आजारी बाईच्या दारात माणूस धाडायचा नाय. आन् कुसाबाईची जागा कुसाबाईलाच ठेवायची."

मोहिनीताईंनी सगळं कबूल केलं आणि मालनबाई कामावर परतल्या. मीना नावाची चुणचुणीत बाई तिसरी आया म्हणून आली, आणि दवाखान्याचं काम तिने कधी अडू दिलं नाही. कुसाबाई मात्र परतल्या नाहीत. जखम भरली, तरी पाऊल टेकलं की कळ यायची. त्या लेकीकडे इगतपुरीला गेल्या, आणि रात्रपाळीला दुसरी बाई ठेवावी लागली.

दोन हजार सहामध्ये मालनबाईंना चिकनगुनिया झाला. सांधे धरले, कूस बदलणंही मुश्कील. त्यांची दिवसपाळी मीनाने उचलली. एक दिवस मोहिनीताई फळं घेऊन भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, घाई करू नका. सगळं व्यवस्थित चाललंय."

"चालणारच की, मॅडम," उशीवरून मान न उचलता मालनबाई म्हणाल्या. "तेव्हाबी चाललं असतं. एका बाईचा पाय भाजायची वाट बघितली तुम्ही."

मोहिनीताईंनी फळांची पिशवी उशाशी ठेवली. मालनबाईंनी त्यांना बरं वाटावं म्हणून पुढे काही जोडलं नाही.